अ‍ॅक्वेरियम क्लबच्या मीटिंगसाठी नाशिकच्या गंगापूर रोडचा हा हॉल, आमचा अनुभव

आमच्या फिश टँकवाल्यांच्या क्लबचे प्रोग्रॅम ठरवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे कोणाला बोलवायचं, काय दाखवायचं, हॉल कुठला. खरं सांगायचं तर हॉल नीट मिळाला की अर्धा प्रोग्रॅम तिथेच ठरतो. आधी आम्ही शहरातल्याच एका बँक्वेट हॉलमध्ये भेटायचो, एसी वगैरे सगळं भारी होतं पण पाण्याची बादली दिसली की मॅनेजर धावत यायचा, कार्पेट खराब होईल म्हणून. मग काय, दर वेळी नुसती भाषणं, आणि नुसत्या भाषणाला लोक दोन महिने येतात आणि मग येत नाहीत.

ह्या हॉलमध्ये पूर्वी कुकिंग क्लासेस चालायचे, त्यामुळे मागच्या भिंतीला लांबलचक कडप्प्याचा ओटा आहे, शेजारी सिंक, नळ आणि ओट्यावरच चार प्लग पॉइंट. आमच्यासाठी हे सोनं आहे. २ फुटी टँक म्हणजे २४ बाय १२ बाय १२ इंच, काठोकाठ भरला तर ५६ लिटर पाणी, त्यात काच, वाळू, दगड धरले तर ८० किलोच्या आसपास वजन जातं, ते फोल्डिंग टेबलवर ठेवायची हिंमत कोणी करू नये. इथे ओट्यावर टँक ठेवला, नळाला पाइप लावला, झालं.

गेल्या वेळी पुण्याहून एक अ‍ॅक्वास्केपिंगवाले, म्हणजे टँकमध्ये दगड-वनस्पतींची सजावट करणारे दादा आले होते, त्यांनी जपानच्या ताकाशी अमानोंच्या पद्धतीचा, फक्त दगडांचा टँक सगळ्यांसमोर लावून दाखवला. दगड विषम संख्येत, एक मोठा आणि बाकीचे त्याच्याकडे झुकलेले. दगड आपल्या नाशिकचाच काळा पाषाण. लावायच्या आधी त्यांनी प्रत्येकावर व्हिनेगर टाकलं, काळ्या भागावर काहीच झालं नाही पण एका दगडात पांढरी शीर होती तिथे बारीक बारीक बुडबुडे आले, आणि ते म्हणाले हा बाजूला ठेवा, ह्यात चुना आहे, पाणी हार्ड करेल. मागे बसलेली पोरं उठून ओट्याला चिकटली. हे प्रोजेक्टरवर कितीही दाखवलं तरी होत नाही हो. नवीन लोकांनी लगेच विचारलं मासे आज सोडायचे का, तर तिथेच सायकलिंगचा, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू नव्या टँकमध्ये आधी वाढू देण्याचा विषय निघाला, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट, ४ ते ६ आठवडे धीर धरा, आणि नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवणारं औषध, अँटी-क्लोरीन, टाकल्याशिवाय मासा सोडू नका.

ऑनलाइन प्रोग्रॅमलाही हॉल चांगला आहे. केरळच्या एका ब्रीडरना मिस केरळ माशावर बोलायला घेतलं होतं, वायफाय एकदाही तुटलं नाही, मधे लाईट गेली तरी राउटर इन्व्हर्टरवर असल्यामुळे आवाज चालू राहिला. फक्त टीव्ही बंद पडला, तो इन्व्हर्टरवर नाही. पडदे जाड आहेत, अंधार नीट होतो, माशांचे रंग टीव्हीवर खरे दिसतात.

आता खटकलेलं. आवाज खूप घुमतो, शेवटच्या दोन ओळींना प्रश्न ऐकूच जात नाहीत आणि माइक एकच आहे, त्यामुळे आपला दुसरा माइक घेऊन जा. पार्किंग म्हणाल तर टू-व्हीलरपुरतंच. भाडं ३ तासांचं १५००, पाणी सांडलं तर पुसून द्यायची जबाबदारी आपली, जे मला एकदम रास्त वाटतं. चहा ते देतात, ठीकठाक असतो.

दुसऱ्या कुठल्या क्लबचे प्रोग्रॅम तुमच्याकडे असतील तर एक सांगते, आधी हॉलची तारीख घ्या आणि मगच वक्त्यांना फोन करा, निदान दोन महिने आधी. "काहीही बोला" असं सांगू नका, विषय द्या आणि काय काय सामान लागेल ते विचारून घ्या. मुंबईचे वक्ते असतील तर सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने येऊन संध्याकाळच्या तपोवनने परत जाऊ शकतात, म्हणून आम्ही ११ ते २ वेळ ठेवतो, मधे मिसळ खायला घालायला वेळ मिळतो. नाशिकरोड स्टेशनवर कोणीतरी गाडी घेऊन जाच, पाहुण्याला रिक्षा शोधायला लावू नका. प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी पाकिटात द्यायचं, नंतर पाठवतो म्हणायचं नाही. आणि वक्ते आयत्या वेळी आले नाहीत तर क्लबमधल्याच कोणालातरी आपला टँक घेऊन बोलायला तयार ठेवा, आमच्या एका काकूंचं गप्पी ब्रीडिंगवरचं बोलणं असंच ठरलं होतं आणि वर्षातला सगळ्यात जास्त प्रश्न आलेला प्रोग्रॅम तोच झाला.

पुढचा विषय सकरफिश (टँकची काच साफ करायला ठेवतात तो बाहेरच्या देशातला मासा) नदीत सोडू नका हा घेतोय, गोदावरीकाठच्या शहरात तो व्हायलाच हवा, त्यासाठी पण हाच हॉल बुक केलाय.

बुकिंगला फोनच करा, मेसेजला उत्तर उशिरा येतं. फोनवर "पाण्याचं काम आहे" हे आधीच सांगा म्हणजे ते ओटा मोकळा करून ठेवतात, नाहीतर तिथे खुर्च्या रचलेल्या असतात.