अक्रोडाचा बुंधा आणि देव्हाऱ्याची दारे : बडोद्यातील एका वखारीचे परीक्षण

मकरपुऱ्याच्या बाजूच्या ज्या वखारीविषयी हे परीक्षण आहे, तिचा पुढचा भाग इतर कोणत्याही वखारीसारखाच आहे: सागाच्या फळ्या, पाईनचे वासे, प्लायवुडच्या थप्प्या आणि दिवसभर चालणारी करवत. अक्रोड असते ते मागच्या शेडमध्ये, आणि ते पाहायचे असल्यास मालकांना तसे आवर्जून सांगावे लागते. आमच्या नव्या देव्हाऱ्याच्या दोन दारांसाठी मला एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फळ्या हव्या होत्या. सागाचा देव्हारा बडोद्यात कुठेही करून मिळतो, संखेड्याचे लाखेने रंगवलेले लाकूडकामही फार दूर नाही. परंतु लहरी रेषांचे अक्रोड ओल्या फडक्याने पुसून, उजेडात फिरवून, मनाजोगे निवडू देणारी जागा या शहरात मला ही एकच आढळली.

वखारीची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे प्रत्येक फळीच्या टोकाला ती झाडाच्या कोणत्या भागातून निघाली आहे हे खडूने लिहिलेले असते: खोड, दुबेळके किंवा बुंधा. अक्रोडाचा भाव बहुतांशी याच नोंदीवर ठरतो. सरळ खोडाच्या फळीत रेषा सरळ धावतात. ती चौकटीला आणि टेबलाच्या पायांना उत्तम, पण तिच्यात पाहत राहावे असे फारसे काही नसते. जिथे खोडाला दोन फांद्या फुटतात तिथे दोन्हींचे तंतू एकमेकांत घुसतात आणि त्या दुबेळक्यातून उभे चिरलेल्या फळीवर पिसाऱ्यासारखी नक्षी उमटते. बुंध्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. मुळे जिथे पसरू लागतात तिथे तंतू वळतात, दुमडतात, आणि रंधा मारलेली फळी हातात जरा तिरकी केली की उजळ पट्टा गडद होतो व गडद पट्टा उजळतो. काश्मीरचे कोरीवकाम करणारे कारागीरही हा फरक पूर्वीपासून मानत आले आहेत: मुळाचे लाकूड जवळजवळ काळे, ठसठशीत रेषांचे आणि सर्वांत महाग, खोडाचे मधले, तर फांद्यांचे फिकट आणि स्वस्त.

मी घेतलेली जोडी मात्र काश्मिरी नव्हती. गांधीधामच्या एका आयातदाराकडून या वखारीत अमेरिकेतील अक्रोड येते आणि त्यात अधूनमधून कॅलिफोर्नियातील बागांच्या बुंध्यांचे थोडे तुकडे असतात. त्या बागांत खाण्याच्या अक्रोडाची कलमे तेथील काळ्या अक्रोडाच्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या भागावर, बांधण्याची रीत जुनी आहे, कारण त्या खुंटाची मुळे जमिनीतील रोगांपुढे अधिक टिकतात. पुढे वनस्पतींचे संकर करणारे अमेरिकी तज्ज्ञ ल्यूथर बरबँक यांनी या दोन जातींच्या संकरातून काढलेला ‘पॅरॅडॉक्स’ हाही खुंट म्हणून रूढ झाला. काही दशकांनी उत्पन्न घटले की बाग मोडली जाते. अशा वेळी लाकडाचा जाणकार झाडाला जमिनीलगत करवत लावत नाही, तर मुळांभोवतीची माती उकरून यंत्राने ते मुळासकट आडवे करतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माती आणि गोटे धुऊन काढतो आणि मगच बुंध्याच्या फळ्या पाडतो. जमिनीलगत कापले असते तर सर्वांत मोलाचा भाग मातीतच राहिला असता, किंवा बागवाल्याने सरपण समजून जाळला असता. हे सगळे मालकांनी मला न विचारता समजावून सांगितले, आणि ग्राहकाला इतका वेळ देणारे दुकानदार आता थोडेच उरले आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीतही वखार चोख आहे. जम्मू-काश्मीरमध्ये 1969 च्या कायद्यानुसार अक्रोडाचे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यामुळे काश्मिरी माल घेताना तो कुठून आला हे विचारणे ग्राहकाचेही काम आहे. येथे काश्मिरी फळ्यांची वाहतुकीची कागदपत्रे आणि अमेरिकी मालाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र एकाच फायलीत लावलेले होते आणि ती फाईल लगेच पुढे आली.

आता प्रत्यक्ष फळ्यांविषयी. दोन्ही एकाच तुकड्यातून लागोपाठ चिरलेल्या असल्याने पुस्तक उघडावे तशा शेजारी मांडल्या की एकीची नक्षी दुसरीत उलटी दिसते. खालचा, खुंटाचा भाग तपकिरी-काळा, त्यात जांभळट झाक. वरचा, खाण्याच्या अक्रोडाचा, मधाच्या रंगाचा. आणि दोहोंच्या मध्ये कलमाची वेडीवाकडी रेघ, जी दोन्ही दारे मिटली की मधोमध एकमेकींना मिळते. माल वाफवलेला नाही, हेही मला आवडले. अमेरिकेत काळे अक्रोड बऱ्याचदा वाफवून घेतात, त्यामुळे सालीलगतचा पांढुरका भाग गडद होऊन सगळी फळी एकसारखी दिसते, पण रंगांतला हा जिवंतपणा त्यात पुष्कळसा मावळतो.

वाळवण्याच्या बाबतीत मालक जितके काटेकोर आहेत तितके असायलाच हवेत. लाकूड आपल्या टोकांतून बाजूंपेक्षा दहा-बारा पट वेगाने ओलावा सोडते, म्हणून येथे प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना मेण लावलेले असते. हवेवर वाळवताना इंचभर जाडीला साधारण एक वर्ष असा कारागिरांचा हिशेब आहे, आणि बुंध्याच्या वेड्यावाकड्या तंतूंना त्याहूनही अधिक सबुरी लागते. आमच्या जोडीला ओलावामापक लावल्यावर आकडा 10 टक्क्यांच्या आसपास आला. शेजारची दुसरी जोडी मला अधिक देखणी वाटत होती, पण तिचा आकडा 17 होता आणि मालकांनी ती विकायला साफ नकार दिला. “काका, हा पावसाळा जाऊ द्या. आत्ता नेलीत तर दिवाळीपर्यंत दार पीळ खाईल,” असे ते म्हणाले. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे असताना असे सांगणारा दुकानदार मला तरी भरवशाचा वाटतो.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. माप फळीच्या सर्वांत रुंद जागी घेतले जाते, त्यामुळे बुंध्याच्या वाकड्या कडा, सालीचे खोबण आणि जे मिस्त्री पहिल्याच दिवशी कापून टाकणार तो भाग, या सर्वांचे पैसे ग्राहकालाच भरावे लागतात. सरळ खोडाच्या फळ्यांना हे माप चालेल. बुंध्याला ते अन्यायाचे आहे. दुसरे म्हणजे आमच्या एका फळीतील बारीक भेग काळ्या इपॉक्सीने आधीच भरलेली होती आणि ते बिलात तर नव्हतेच, तोंडीही सांगितले गेले नाही. रंधा मारताना मिस्त्रींच्या ते लक्षात आले. भेग भरणे यात गैर काहीच नाही, बुंध्याच्या लाकडात ते अटळच असते, पण लपवण्याचे कारण नव्हते. सांगितल्यावर मालकांनी काही रक्कम वजा केली, एवढे नमूद केले पाहिजे. मिस्त्रींना एका कडेला निळसर-काळा डागही सापडला. अक्रोडातील टॅनिन या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की असा डाग पडतो, म्हणजे त्या झाडात कधीतरी खिळा किंवा तार रुतलेली असणार. घराजवळच्या आणि कुंपणाच्या झाडांना लाकूड व्यापारी नाक मुरडतात ते याचमुळे.

भाव खोडाच्या साध्या फळीच्या सुमारे तिप्पट पडला. तो मला डोळे मिटून पटला असे नाही, पण बाजारात अक्रोड म्हणून जे खपवले जाते ते पाहिल्यावर निदान खऱ्या वस्तूचे पैसे दिले याचे समाधान आहे. आपल्याकडच्या शिरीषालाही व्यापारात ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणतात, आणि ‘वॉलनट फिनिश’ म्हणजे तर अनेकदा नुसता छापील कागद चिकटवलेला बोर्ड असतो. शिरीष वाईट लाकूड नव्हे. ते अक्रोडाच्या भावात घेऊ नये, इतकेच.

देव्हाऱ्याची दारे, चौरंग, पेटीचे झाकण, लहानसे लिहिण्याचे मेज यांसाठी ही वखार मी निःसंकोच सुचवीन. जेवणाच्या मोठ्या टेबलासाठी बुंध्याच्या मागे लागू नये, कारण ही नक्षी मुळाशी दोन-तीन फुटांतच सापडते; तिथे खोडाच्या फळ्याच घ्याव्यात. पॉलिश करताना रंग चढवू नये, जवसाचे तेल किंवा चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात पुरतो. बहुतेक लाकडे उजेडात काळवंडतात, काळे अक्रोड मात्र वर्षानुवर्षे उजेड लागून फिकट होत जाते, तेव्हा देव्हारा थेट उन्हाच्या खिडकीसमोर नसावा. वखारीत जाताना आपला मिस्त्री बरोबर न्यावा, माप कोणत्या जागी घेणार हे भाव ठरण्याआधी बोलून घ्यावे आणि भरलेल्या भेगा बिलावर लिहून मागाव्यात.