साताऱ्यातील ओढून न्यायची कॅराव्हॅन : किल्लीच्या आधी वजनकाटा

सातारा शहराबाहेर महामार्गालगतच्या एका आवारातून गाडीमागे ओढून न्यायची कॅराव्हॅन भाड्याने मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून व्हॅनवर किंवा बसवर बांधलेली फिरती घरे आपल्याकडे थोडीफार ओळखीची झाली आहेत. परंतु चाके लावलेली वेगळी खोली गाडीमागे अडकवून स्वतः चालवत नेणे हा प्रकार निराळा असून त्याची पारखही निराळ्या कसोट्यांवर करावी लागते. गादी किती मऊ आहे, ओटा किती लांब आहे, हे प्रश्न येथे मागे पडतात. ताशी सत्तरच्या वेगात शेजारून मालट्रक गेला तर मागची खोली सरळ राहते की शेपूट मारू लागते, हे आधी पाहावे लागते, आणि या सेवेचे बरेवाईट मी मुख्यतः त्याच अंगाने लिहीत आहे.

कॅराव्हॅनची पेटी साडेपाच मीटर लांब आहे. गाडीला जोडायचा पुढचा ओढदांडा वेगळा. आस (ॲक्सल) एकच, चाके दोन, आणि सामान व पाणी भरल्यावर वजन १,२०० किलोच्या आसपास जाते. ओढणारी गाडी सेवेचीच असते : डिझेलवर चालणारी, मजबूत चासीची, सुमारे दोन टनांची एसयूव्ही. स्वतःची गाडी आणू देत नाहीत, आणि हा नियम मला पटला. ट्रेलरचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा नवशिक्यांसाठीचा संकेत ब्रिटनमध्ये रूढ आहे. येथे ते प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात राहते, म्हणजे मागच्याने पुढच्याला ओढत न्यावे अशी वेळ सहसा येत नाही.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कॅराव्हॅन ताब्यात देण्याची पद्धत. आपले सर्व सामान आत रचून झाले की आवारातील मिस्त्री गुळाच्या अडतीवर असतो तसा एक सपाट वजनकाटा आणतात, त्यावर लाकडी ठोकळा ठेवतात आणि ओढदांड्याचे टोक त्या ठोकळ्यावर टेकवून आकडा वाचतात. हे नाकावरचे वजन. ते पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी किलोंच्या दरम्यान आल्याशिवाय किल्ली हातात पडत नाही. युरोपात एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार नाकावर असावा असे मानतात, तर अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के. दोन्हीकडच्या गाड्या, जोडण्या आणि चालवण्याचे वेग वेगळे असल्याने हा फरक पडतो. ही कॅराव्हॅन युरोपीय धाटणीची आहे, त्यामुळे सात टक्क्यांच्या जवळपास राहण्याचा त्यांचा आग्रह योग्यच म्हटला पाहिजे.

ट्रेलर डोलू का लागतो, हे मिस्त्रींनी आवारातच हाताने ट्रेलर हलवून दाखवले. जोडणीचा गोळा, म्हणजे ओढदांडा ज्यावर बसतो तो गाडीमागचा गोळा, हा एकच बिंदू स्थिर असतो. वाऱ्याच्या झोताने किंवा रस्त्यावरच्या खड्ड्याने मागची बाजू एकीकडे गेली की टायर तिला परत आणतात, ती मध्य ओलांडून पलीकडे जाते, आणि पुन्हा परतते. वेग कमी असला तर प्रत्येक फेरीत हे डोलणे कमी होत जाऊन थांबते. वेग वाढत जातो तशी ही थांबण्याची ताकद घटत जाते, आणि एका ठरावीक वेगाला ती शून्यावर येते. त्यापुढे प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. हा घातक वेग किती असेल हे सामान कसे भरले आहे यावर बरेचसे अवलंबून असते. भार आसाच्या मागे गेला तर हा वेग खाली येतो. नाकावरचे वजन बरोबर असूनही जड वस्तू पुढच्या व मागच्या अशा दोन्ही टोकांना ठेवल्या असतील तरीही तो वेग खाली येतो, कारण टोकांना जड असलेली वस्तू एकदा फिरू लागली की आवरायला कठीण जाते. म्हणूनच तांदळाची पोती, बॅटरी, पाण्याचे कॅन असे सर्व जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवायला लावतात. मागच्या भिंतीवर सायकली टांगू देत नाहीत. आमच्या मुलांची त्यावरून नाराजी झाली. सायकली घरीच राहिल्या.

मात्र इतक्या काटेकोरपणाला या कॅराव्हॅनचीच रचना एका ठिकाणी छेद देते. पाण्याची ऐंशी लिटरची टाकी आसाच्या सुमारे दीड मीटर मागे बसवलेली आहे आणि जोडणीचा गोळा आसाच्या सुमारे चार मीटर पुढे आहे. साधा तरफेचा हिशेब केला तर टाकी भरल्यावर नाकावरचे वजन तीस किलोंनी घटते. रिकाम्या टाकीने १,१२० किलोंवर ऐंशी किलो, म्हणजे सात टक्के असलेला भार, टाकी भरताच १,२०० किलोंवर पन्नास किलो, म्हणजे जेमतेम चार टक्के उरतो. आवारात वजन टाकी रिकामी असताना होते. वाटेत एखाद्या पेट्रोल पंपावर कोणी हौसेने टाकी भरून घेतली तर काट्यावर कमावलेले सारे तेथेच गमावले जाते. ही गोष्ट विचारल्यावर सांगितली गेली, आपणहून नाही. टाकी आसावर आणून बसवणे हे वर्कशॉपमध्ये सहज होण्यासारखे काम आहे आणि सेवेने ते करायला हवे. तोवर ग्राहकाने पाणी मुक्कामावर पोहोचल्यावरच भरावे, आणि निघण्यापूर्वी टाकी सोडून द्यावी.

जोडणीला घर्षणाचा स्टॅबिलायझर, म्हणजे डोलणे आवरणारे साधन, आहे. पन्नास मिलिमीटरच्या गोळ्याला दोन्ही बाजूंनी घर्षणपट्ट्या घट्ट धरतात, त्यामुळे ट्रेलरला सहज वळवळता येत नाही. वळण घेताना गाडीच्या ताकदीपुढे मात्र त्या सरकतात. एक पथ्य येथे काटेकोरपणे पाळावे लागते : गोळ्यावर ग्रीस किंवा तेलाचा थेंबही नको, नवीन गोळा असेल तर त्यावरचा रंगसुद्धा खरवडून काढावा लागतो. आपल्या भागात ट्रॅक्टरच्या हुकाला आणि पिनेला ग्रीस चोपडण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असल्याने आवाराच्या भिंतीवर याची ठळक पाटी लावली आहे, हे चांगले केले आहे. पट्ट्या झिजल्या किंवा गोळा मळला की वळताना करकर ऐकू येते. तेव्हा गोळा कापडाने स्वच्छ पुसावा.

अमेरिकेत लांब ट्रेलरसाठी याहून वेगळी जोडणी वापरतात. तिच्या दोन स्प्रिंगदार दांड्या नाकावरच्या जड भाराचा काही हिस्सा गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या आसावर ढकलतात, म्हणजे गाडीचे नाक वर उचलले जाऊन सुकाणू हलके पडत नाही. नाकावर दीडशे-दोनशे किलो असतील तेथे तिची गरज भासते. ऐंशी किलोंसाठी तो खर्च आणि खटाटोप सेवेने टाळला, यात गैर काही नाही. तथापि, कोणताही स्टॅबिलायझर चुकीच्या भरणीची भरपाई करत नाही. तो छोटे झोके गिळतो आणि त्यामुळे चालकाला मिळणारी आगाऊ सूचनाही काही प्रमाणात गिळतो. भरणी बिघडलेली असेल तर संकट अधिक वेगाला आणि अधिक अचानक येते.

ब्रेकच्या बाबतीत माझे समाधान पूर्ण झाले नाही. ट्रेलरला रेट्यावर चालणारा ब्रेक आहे : गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने ओढदांड्यातील दट्ट्या आत जातो आणि ट्रेलरची चाके धरली जातात. यंत्रणा साधी व भरवशाची आहे, पण चालकाला हवे तेव्हा एकट्या ट्रेलरचा ब्रेक लावता येत नाही. विजेवर चालणाऱ्या ब्रेकला चालकाच्या हाताशी एक वेगळा खटका असतो. डोलणे सुरू झाल्यावर तो हळूच दाबला की ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. ती सोय येथे नाही. म्हणून डोलणे सुरू झाले तर एकच मार्ग उरतो : ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, सुकाणू सरळ व घट्ट धरावे, उलटसुलट फिरवून झोके मारण्याचा प्रयत्न करू नये, वेग वाढवू नये, आणि वेग आपोआप उतरू द्यावा. “ताई, ब्रेक दाबायचा मोह होतो, तेवढा आवरला की निम्मे काम झाले,” असे मिस्त्रींनी बजावले आणि मोकळ्या जागेत ताशी तीसच्या वेगाने सराव करून घेतला. जोडणी निसटलीच तर ट्रेलरचा ब्रेक ओढून धरणारी बारीक तार आहे. ती स्वतः अडकवून तपासायला लावतात.

आम्ही सातारा, उंब्रज, कराड, पेठ नाका असे जात सांगलीला गेलो. सेवेने ताशी ७० ची मर्यादा घातली आहे. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला साधारणपणे ८० ची मुभा असते आणि ठरावीक अटी पुऱ्या केल्यास १०० ची. परंतु तेथल्या महामार्गावर उलट्या दिशेने येणारी दुचाकी किंवा मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली भेटत नाही. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामांमुळे जागोजागी वळवलेले रस्ते आणि खडबडीत सांधे लागतात, तेथे सत्तरसुद्धा जास्त होते. जी परीक्षा पाहायची होती ती मालट्रकांनी घेतली. मोठे वाहन उजवीकडून पुढे जाऊ लागले की त्याच्या तोंडाशी दाबली गेलेली हवा आधी कॅराव्हॅनची मागची बाजू डावीकडे लोटते, आणि ते पुढे सरकताच सगळी पेटी त्याच्याकडे ओढल्यासारखी होते. पाठीत हलकासा धक्का जाणवतो, मग सर्व शांत. डावीकडे सरकून मध्ये हातभर जास्त जागा ठेवली तर तोही निम्म्याने कमी होतो. दोन टेकड्यांमधल्या खोदाईतून बाहेर पडताना आणि कोयनेच्या पुलावर आडव्या वाऱ्याने तसाच झटका दिला. एकाच झोक्यात ट्रेलर जागेवर आला. भरणी नीट असल्याची यापेक्षा चांगली पावती मिळणार नाही.

उताराबद्दल त्यांच्या सूचना थोडक्यात पण नेमक्या आहेत. उतारावर ट्रेलर मागून रेटत असल्याने डोलण्याची शक्यता वाढते, आणि रेट्यावर चालणारा ब्रेक सतत धरून राहिल्यास तापतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा. पुण्याकडे जाणाऱ्यांना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यानंतरचा अपघातांसाठी ओळखला जाणारा वळणदार उतार वेगळा समजावून सांगतात. यवतेश्वरमार्गे कासचा घाट आणि पसरणी घाट कॅराव्हॅनसाठी पूर्ण वर्ज्य आहेत. ठोसेघर-चाळकेवाडीचे पठार जून ते सप्टेंबर बंद. पवनचक्क्या जेथे मुद्दाम उभारल्या आहेत तेथे पावसाळ्यात उंच, सपाट भिंतीची खोली ओढत नेऊ नये हे वेगळे सांगायची खरे तर गरज नसावी, पण अशी मागणी करणारे येतात म्हणे.

टायरांकडे त्यांचे लक्ष चांगले आहे. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात, म्हणून बाजूवरची चार आकडी तारीख ते स्वतः दाखवतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हवा टायर थंड असतानाच तपासून देतात. परंतु हवा मोजण्याचे साधन सोबत देत नाहीत, आणि नाकावरचे वजन तपासण्याचा छोटा स्प्रिंगचा काटाही देत नाहीत. परतीच्या प्रवासात सामान पुन्हा रचले जाते, तेव्हा काय करायचे? आम्ही मिरजेजवळ नातेवाइकांच्या शेतावर राहिलो होतो आणि त्यांच्या घरचा धान्याचा काटा कामी आला. सगळ्यांना तो मिळेलच असे नाही. आरशांना लावायचे जादा आरसे रबरी पट्ट्यांनी बांधलेले असून साठच्या पुढे थरथरतात, त्यामुळे मागून येणारे वाहन किती अंतरावर आहे याचा अंदाज चुकतो; पेटी गाडीपेक्षा रुंद असताना ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही.

आतल्या सोयींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चार जणांची झोपण्याची सोय होते, ओटा पुरेसा आहे, पाच किलोचा गॅस सिलिंडर पुढच्या कप्प्यात बांधलेला असतो आणि प्रवासात तो बंद ठेवायचा असतो. मुक्कामाची जागा सेवा शोधून देत नाही. भाडे चांगल्या हॉटेलच्या दोन खोल्यांच्या आसपास पडते, डिझेल वेगळे. अनामत रक्कम परत करताना त्यांनी घासाघीस केली नाही.

कॅराव्हॅन जोडलेली गाडी रिव्हर्स घेण्याचा तासभर सराव मागून घ्यावा. तो ठरलेल्या प्रशिक्षणात नाही, पण मागितल्यास देतात. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की कराड ते सांगली पट्ट्यात रात्री ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा कॅराव्हॅन सकाळी लवकर ताब्यात घ्यावी आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठता येईल एवढाच टप्पा ठरवावा.