बीएमसी गाड्यांची तयार नट-बोल्ट किट्स: कुठे वापरावीत, कुठे टाळावीत

एमजीबी, मिनी, मॉरिस मायनर अशा बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) जुन्या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा करायच्या असतील, तर इंजिनच्या खोलीसाठी मॉडेलनिहाय नट-बोल्ट किट्स मिळतात. पिशवीपिशवीवर जागा लिहिलेली, वायसरसकट सगळं मोजून भरलेलं. मत आधीच सांगून टाकतो: आटे आणि मापं यांसाठी किट उत्तम, बॉनेट उघडल्यावर नजरेत भरणाऱ्या जागांसाठी अपुरं. ब्रेक आणि स्टीअरिंगच्या जोडांसाठी तर ते वापरूच नये. तिथे त्या भागासाठी नेमून दिलेल्या मजबुतीचाच बोल्ट हवा.

जमेची मोठी बाजू आट्यांची. या गाड्यांवर मुख्यतः यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे आहेत: पाव इंची बोल्टला इंचामागे २८, ५/१६ आणि ३/८ ला २४. घरातल्या डब्यातला एम८ (८ मिमी मेट्रिक) नट ५/१६ च्या बोल्टवर एखादा फेरा चढतो आणि अडतो, कारण व्यास जवळजवळ सारखा (७.९४ मिमी) असला तरी आट्यांचं अंतर वेगळं. तिथे पान्याने जोर केला की आटे गेलेच. ॲल्युमिनियमच्या भागातल्या भोकात एम८ बोल्ट रेटला तर नुकसान आणखी मोठं. किट घेतलं की हा धोका टळतो.

पण पिशवीवरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, पार्ट्स कॅटलॉग उघडा. बीएमसीच्या साध्या हार्डवेअरचा क्रमांकच माप सांगतो. एचझेडएस ०५०६ म्हणजे षटकोनी माथ्याचा यूएनएफ सेटस्क्रू. ०५ हे इंचाचे सोळावे भाग, म्हणजे व्यास ५/१६, आणि ०६ हे आठवे भाग, म्हणजे लांबी पाऊण इंच. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अडीच सूत जाड, सहा सूत लांब. ही पद्धत सुताच्या हिशोबात इतकी चपखल बसते की एकदा कळल्यावर तक्ता लागत नाही. लांबी माथ्याखालून मोजायची. एचबीझेड असेल तर तो बोल्ट, म्हणजे माथ्याखाली काही भाग बिनआट्याचा. किट्समध्ये सर्रास सापडणारी चूक इथलीच: बोल्टच्या जागी पूर्ण आट्यांचा सेटस्क्रू. आडवा भार येतो तिथे तो आट्यांच्या खाचेवर पडतो. भोक झिजतं आणि स्क्रू तिथूनच तुटतो. अशा पिशव्या सरळ परत कराव्यात.

माथ्यावरच्या खुणांकडे बहुतेक जण बघत नाहीत, आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. त्या काळच्या ब्रिटिश युनिफाइड बोल्टच्या माथ्यावर गोल खोलगट भाग असतो, किंवा षटकोनाच्या एका बाजूवर एकमेकांना जोडलेली वर्तुळं. मजबुतीसाठी अक्षर: ‘आर’ म्हणजे चौरस इंचाला ४५ टन, ‘एस’ ५० टन, ‘टी’ ५५ टन. किटमधल्या बोल्टवर मात्र अनेकदा मध्यापासून बाहेर जाणाऱ्या तीन रेघा दिसतात. ती एसएई ग्रेड ५ या मजबुतीच्या दर्जाची अमेरिकी खूण. बोल्ट कामाला चालतो, पण रॉकर कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) शेजारी खटकतो. म्हणून दर्शनी जागांवर स्वतःचे जुनेच बोल्ट पुन्हा मुलामा देऊन लावावेत. किट आतल्या जागांसाठी आणि हरवलेल्या बोल्टांसाठी.

मुलाम्याचा रंग हा दुसरा दोष. नवा झिंक निळसर चमकतो. जुनं कॅडमियम मऊ, करडं-चंदेरी दिसतं. पिवळ्या पॅसिव्हेशनचे (झिंकवर पिवळसर संरक्षक थर दिलेले) बोल्ट आले तर दर्शनी जागी लावूच नका. कॅडमियम विषारी आहे. जुन्या बोल्टला कोरडा वायर ब्रश लावू नये, गॅसने तापवू नये. कॅडमियम निसरडं असल्यामुळे आणखी एक फरक पडतो: कोरड्या झिंकच्या बोल्टवर तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला तर घर्षणातच जास्त खर्च होतो आणि प्रत्यक्ष ताण कमी बसतो.

पुन्हा मुलामा द्यायचा असेल तर प्रत्येक बोल्ट जागेच्या चिठ्ठीसह तारेत ओवा आणि देण्याआधी फोटो काढा. चिकटा आणि तेल काढून बारीक काचमण्यांनी हलकं ब्लास्टिंग करा. थर ८ मायक्रॉनच्या आसपास पुरे. आट्यांच्या तिरक्या बाजूंमुळे पिच व्यासावर (आट्याच्या उंचीच्या मधोमध मोजलेल्या व्यासावर) त्याची वाढ चौपट, म्हणजे ०.०३२ मिमी होते. त्याहून जाड थर दिला की नट चढत नाही. स्प्रिंग वायसर आणि फार कडक पोलादाचे बोल्ट वेगळे काढा. ॲसिडमध्ये आणि मुलाम्याच्या टाकीत पोलाद हायड्रोजन शोषतं आणि नंतर भाराखाली अचानक तडकतं. मुलामा झाल्यावर लगेच साधारण २०० अंशांवर काही तास भाजून देणार का, हे दुकानदाराला आधी विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर वायसर नवे घ्या.

स्क्रूंची बाब छोटी, पण तारखेची आहे. पोझिड्रिव्हचं पेटंट १९६२ चं. मोठ्या फुलीच्या मध्ये बारीक तिरक्या रेघा दिसल्या तर तो पोझिड्रिव्ह. १९५० च्या दशकातल्या मायनरवर तो असू शकत नाही. तिथे साधी चीर किंवा फिलिप्स हवा.

रबरी होज आवळणाऱ्या क्लिपही तपासा. जुबिली क्लिप १९२१ ची, आणि तिच्या पट्टीवरचे दाते दाबून उठवलेले असतात. किटमध्ये आरपार चिरा असलेली पट्टी आली तर ती बदला. आवळल्यावर त्या चिरांमधून रबर वर येतं आणि कडा होज कापतात.

एक्झॉस्टच्या जोडावर पितळी नट आले आहेत का, तेही बघा. पोलादी नट उष्णतेने स्टडवर गंजून बसतो आणि पुढच्या वेळी स्टडच मोडून हातात येतो. नायलॉन रिंगचा नट तिथे मुळीच नको, रिंग उष्णतेत वितळते.