वाळू ओली आहे का कोरडी? लातूरच्या एका दवाखान्याबद्दल

लातूरला माझी खानावळ आहे. नीटच्या तयारीला आलेली चाळीसेक पोरंपोरी दोन्ही वेळा जेवायला असतात. त्यातल्याच एका पोरानं तीन वर्षांमागं पावसात भिजलेलं पिल्लू उचलून आणलं. रूमवर मालक ठेवू देईना, म्हणून माझ्या ओट्याखाली खोक्यात ठेवलं. परीक्षा झाली, पोरगं गावाकडं गेलं, पिल्लू माझ्याकडं राहिलं. तोच आमचा भुऱ्या. आता साडेचार किलोचा बोका आहे.

हे लिहायला बसले ते त्याच्या दवाखान्याबद्दल. नाव-पत्ता इथं टाकत नाही, कारण डॉक्टर मॅडमनीच नको म्हणून सांगितलंय. त्या एकट्या आहेत, आहे तेवढीच गर्दी त्यांना आवरत नाही. लातुरात असाल आणि घरात मांजर असेल तर मला विचारा, मी सांगते.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी चपात्या लाटताना माझं लक्ष गेलं, भुऱ्या वाळूच्या घमेल्यात जाऊन बसतोय, उठतोय, परत जाऊन बसतोय. शेपूट ताठ, पाठ वाकलेली, आणि घशातून एक बारीक आवाज. मला वाटलं पोट साफ होत नसावं. चमचाभर तूप चाटवलं आणि कामाला लागले. चाळीस ताटं वाढायची होती.

बुधवारी सकाळी तो गव्हाच्या कोठीमागं जाऊन बसला. दोनदा पिवळं पाणी ओकला. सारखं खाली चाटायचा. दुपारी मी त्याला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं एकानं मानेला धरून टेबलावर दाबला, दुसऱ्यानं सुई टोचली. "गर्मी झालीय, ताक पाजा" म्हणाले, दोनशे रुपये घेतले. पोटाला कुणी हात लावला नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हात लावून बघायला अर्धा मिनिट लागतो.

संध्याकाळी जेवायला आलेल्या एका पोरीनं त्याला बघितलं. तिचा भाऊ उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो, तिनं लगेच त्याला फोन लावून माझ्या हातात दिला. त्यानं एकच विचारलं, "काकू, वाळू ओली आहे का कोरडी?"

मी खुरपं घेऊन घमेल्यातली वाळू तळापर्यंत चाळली. कोरडी ठणठणीत. आदल्या दुपारपासून एक थेंब नव्हता. तो म्हणाला, "जेवणं राहू द्या, आत्ताच्या आत्ता निघा," आणि या मॅडमचं नाव सांगितलं.

भाजीच्या दोन जाळीच्या टोपल्या तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या, आत माझं जुनं पातळ अंथरलं, आणि त्या पोरीला सोबत घेऊन रिक्षात बसले. सव्वासात वाजले होते. समोर तीन कुत्री आणि एक शेळी नंबरला होती. मी दारातूनच सांगितलं, "बोका आहे, कालपासून लघवी नाही." मॅडम हातातलं काम कंपाउंडरकडं देऊन उठल्या.

त्यांनी भुऱ्याला टोपलीतून ओढून काढला नाही. वरची टोपली उचलली, पातळाची घडी त्याच्या डोक्यावर ओढली आणि तो आत तसाच बसलेला असताना पोटाखाली हात घातला. मग माझी दोन बोटं धरून अलगद तिथं टेकवली. आत मोसंबीएवढा टणक गोळा होता. "ही लघवीची पिशवी. दाबू नका, फुटू शकते," म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते. लघवीत बारीक खडे किंवा वाळूसारखे कण झाले, त्यात चिकट स्राव मिसळला की बूच बसतं. मांजरीची नळी रुंद असते म्हणून तिला असं क्वचितच होतं. लघवी अडली की ताण किडनीवर येतो, जी घाण बाहेर पडायची ती रक्तात राहते. त्यातलं पोटॅशियम वाढत गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. आणि घरच्यांना वाटत असतं बद्धकोष्ठ झालंय, कारण बसण्याची पद्धत सारखीच दिसते.

उपचार सुरू करायच्या आधी त्यांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. काय करणार, साधारण खर्च किती, आणि काय बिघडू शकतं. तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की भूल देताना जीव जाऊ शकतो. माझे हात कापत होते, पण ती ओळ लिहिली म्हणूनच माझा विश्वास बसला. आमच्या वडिलांच्या गोठ्यात देवणी जनावरं होती. डॉक्टर सायकलवर यायचे आणि ते काय टोचतात हे विचारायची आमची हिंमत नसायची.

आधी सलाईन लावलं, ठोके ऐकले, परत ऐकले. घाई केली नाही. अर्ध्या तासानं हलकी भूल दिली. मला बाहेर थांबा म्हणाल्या नाहीत, पातळाची एक कड धरून उभी राहा म्हणाल्या. नळी वाळलेल्या काडीएवढी बारीक होती. पहिल्यांदा गेली नाही. त्यांनी सिरिंजनं थोडं सलाईन सोडलं, नळी जरा फिरवली, परत सोडलं. कपाळावरचा घाम त्या खांद्याला पुसत होत्या. मग काळपट रक्ताचे दोन थेंब आले आणि त्यामागून धार. स्टीलच्या ट्रेमध्ये ती धार पडल्याचा आवाज ऐकला आणि मी खाली बसून रडले. कंपाउंडर मामा म्हणाले, "आता कशाला रडूलालाव काकू, मुतलं की लेकरू."

दोन दिवस नळी टाके घालून तशीच ठेवली. भुऱ्या दवाखान्यातच होता. अडथळा निघाला की किडनी एकदम भरपूर लघवी बनवते, तेवढं पाणी सलाईननं भरून काढावं लागतं, नाहीतर जनावर कोरडं पडतं. म्हणून नळीला जोडलेल्या पिशवीतली लघवी दवाखान्यातले लोक दर थोड्या वेळानं मोजून लिहीत होते. रात्री अकराला मॅडमचा मेसेज यायचा, फोटो आणि किती मिली झाली तो आकडा. आधी लालसर, मग चहासारखी, शुक्रवारी पिवळी. शनिवारी नळी काढली, त्यानं आपोआप लघवी केली आणि मगच घरी सोडला.

चार दिवसांचे सात हजार दोनशे झाले. अडीच पोरांच्या महिन्याच्या जेवणाचे पैसे. माझ्यासाठी मोठी रक्कम आहे, पण बिलावर सुईपासून रक्ततपासणीपर्यंत सगळं वेगवेगळं लिहिलेलं होतं, आणि अर्धे पुढच्या महिन्यात देते म्हटलं तर हो म्हणाल्या.

घरी आणताना मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. भुऱ्याच्या लघवीतले खडे. पत्र्याच्या पेटीच्या झाकणासारखे लांबट, कडा कापलेले तुकडे, काचेसारखे चमकणारे. या जातीला स्ट्रुवाइट म्हणतात आणि खास खाण्यानं ते विरघळू शकतात. दुसरी एक जात असते, कॅल्शियम ऑक्झलेटची, ती खाण्यानं विरघळत नाही. म्हणून तपासल्याशिवाय महागडं पाकीट विकत घेऊ नका, असं त्यांनीच सांगितलं.

मूळ दुखणं पाण्याचं. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्याला तहान कमी लागते. पाणी त्याच्या पोटात खाण्यातून जायला पाहिजे. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहावा हिस्सा, ओल्या खाण्यात पाऊण भाग पाणीच. मी सोय म्हणून दोन वर्षं कोरडे दाणेच घालत होते. आणि पाण्याचं भांडं दोन-दोन दिवस बदलत नव्हते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या गावात आपण राहतो. नळाला पाणी आलं की पिंप भरून पुरवून पुरवून वापरायची सवय अंगात मुरलीय. शिळं पाणी ओतून द्यायला माझा हात धजत नव्हता. आता चार ठिकाणी पसरट मातीची भांडी आहेत, वाळूच्या घमेल्यापासून लांब. रोज सकाळी बदलते, जुनं पाणी तुळशीला जातं. भुऱ्या जिन्याखालचं भांडं सगळ्यात जास्त पितो.

मॅडमनी अजून एक कागद दिला, तो मी खानावळीत हात धुवायच्या जागेवर चिकटवलाय. पोरं प्रेमानं त्याला रश्शातली चपाती घालायची. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. आता रविवारी चिकन असलं की मसाला घालायच्या आधी दोन तुकडे नुसते उकडून काढून ठेवते. पोरं विचारतात, "काकू, भुऱ्याचं काढलं का?"

तिथं बसल्या बसल्या बघितलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एक बाई मांजर घेऊन आल्या. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती. मॅडमनी मांजराचा ओठ उचलून दाखवला, हिरड्या गुलाबीच्या जागी चॉकलेटी पडल्या होत्या. ती गोळी मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं. एक गोळीही जीव घेऊ शकते. ते मांजर वाचलं का, मला कळलं नाही. मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण शंभर ते एकशे अडीच फॅरेनहाइट हे त्याचं नेहमीचं. कुत्र्याचं गोचिडाचं औषधही मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराला विष आहे. हे दोन्ही मॅडमनी हातानं लिहून भिंतीवर लावलंय, मोठ्या अक्षरात.

नंतर भुऱ्याची नसबंदी तिथंच केली, दुसऱ्या दिवशी उड्या मारत होता. लसींचं पुस्तक तयार झालं. मांजरांच्या तीन रोगांची एकत्र लस आणि रेबीजची लस, दोन्ही. पिल्लाला पहिली आठ आठवड्यांची झाली की, मग तीन-चार आठवड्यांनी दुसरी, रेबीजची तीन महिन्यांनंतर. तोवर भुऱ्याला मी यातलं काहीच दिलं नव्हतं. तारीख आली की दवाखान्यातून मेसेज येतो.

आता कमी काय आहे ते. बसायची खोली एकच आहे, कुत्री-मांजरं शेजारी-शेजारी. भुऱ्या टोपलीत थरथरत असतो. एक फळी टाकून कोपरा वेगळा केला तरी भागेल, मी दोनदा बोलले आहे. एक्स-रे आणि सोनोग्राफी तिथं नाही, चिठ्ठी घेऊन दुसरीकडं पळावं लागतं आणि आजारी जनावराला दोनदा रिक्षात घालावं लागतं. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो. रविवारी दुपारनंतर बंद. रात्री फोन उचलतात, पण मॅडम गावाला गेल्या तर कुणीच नसतं, आणि त्या वेळेला कुठं जायचं हे आधी विचारून ठेवा. मी विचारून ठेवलंय, तो नंबर कोठीवर खडूनं लिहिलाय.

ज्यांना एकदा लघवी अडली त्यांना परत अडू शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. तीन-चारदा अडली तर नळीचं ऑपरेशन करून वाट रुंद करावी लागते. ऑक्टोबरमध्ये एकदा मला शंका आली, मी अर्ध्या तासात तिथं होते. पिशवी मऊ होती, नुसता दाह होता. तपासणीचे दीडशे घेतले आणि "बरं केलंत आलात" म्हणाल्या.

सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी पाच ते आठ. मांजराला टोपलीत झाकून न्या, वर घरातलं वापरलेलं कापड टाका. फोन केला तर बोका किती वर्षांचा, काय खातो हे नंतर सांगा. आधी सांगा, शेवटची लघवी कधी झाली.