पीडीएफ की ईपब?
स्वारगेट ते कात्रज बसमध्ये उभ्याने मोबाइलवर वाचायचं, तर मी ईपबच (ई-पुस्तकांचा एक फाइल फॉरमॅट) उघडते. त्यात पान ठरलेलं नसतं. अक्षर मोठं केलं की ओळी स्क्रीनच्या रुंदीनुसार नव्याने बसतात. पीडीएफचं पान छापल्यासारखं पक्कं. मोठं केलं की दर ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसा.

पण अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढायची, तर पीडीएफला पर्याय नाही. ॲडोबी कंपनीने १९९३ साली आणलेला हा फॉरमॅट २००८ पासून आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. यात फॉन्ट फाइलसोबतच जाऊ शकतो, म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं तुटत नाहीत. (सेव्ह करताना फॉन्ट एम्बेड झालाय ना, तेवढं बघा.)

जुन्या पुस्तकांच्या स्कॅन पीडीएफ म्हणजे नुसती चित्रं. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) केल्याशिवाय त्यात शब्द शोधता येत नाही.