डोंगरी अल्ट्राचा बूट, काही महिन्यांनंतर: सोल पास, लेस नापास

अल्ट्रासाठी, म्हणजे मॅरेथॉनहून लांबच्या शर्यतीसाठी घेतलेल्या या बुटाची पुढच्या टोकावरची रबरी पट्टी अंगठ्याच्या बाजूने सुटली. वॉरंटीत दावा टाकला. फोटो मागवले, मग बिल, मग सोलचे वेगळे फोटो आणि शेवटी एका ओळीचं उत्तर: 'सामान्य झीज'. सोलचे लग (तळाचे उठावदार दात) अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, जाळी कुठे विरलेली नाही, नुसता गोंद सुटला, तर ती झीज कशी काय? कंपनीचं नाव घेत नाही. पण वॉरंटीवर भिस्त ठेवून ट्रेल शू (डोंगरवाटेवर पळायचा बूट) घेणार असाल तर घेऊ नका.

पट्टी घरीच चिकटवता येते. जुना गोंद बोथट सुरीने खरवडायचा, दोन्ही बाजू 100 नंबरच्या सँडपेपरने खरबरीत करायच्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्यायच्या. मग काँटॅक्ट सिमेंटचा पातळ थर दोन्हीकडे, दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा थर, बोटाला चिकट लागेल पण गोंदाचा दोरा सुटणार नाही इतकं सुकलं की जोर लावून दाबायचं आणि 24 तास दोरीने आवळून ठेवायचं. बहुतेक जण थांबतच नाहीत, ओल्या गोंदावरच दाबून टाकतात, आणि तो पुढच्या ओढ्यात परत सुटतो. मुळात गोंद सुटण्याचं मोठं कारण उष्णता. ओला बूट हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवला की गोंद मऊ पडतो आणि ताणलेली पट्टी हळूच उचलली जाते. इनसोल काढा, आत वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला, सावलीत ठेवा.

पट्टीचं एक वेळ माफ. लेसचं नाही.

ड्रॉप (टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक), स्टॅक (सोलची जाडी), वजन बॉक्सवर छापलेलं आहे, ते परत लिहीत नाही. ओल्या कातळावर हा बूट खरोखर धरतो. सोल बनवणाऱ्या व्हायब्रमच्या मेगाग्रिप रबराकडून तेवढी अपेक्षा असतेच. 4 मिलिमीटरचे लग बघून नाक मुरडणारे बरेच असतात, पण ओल्या दगडावर काम रबराच्या मऊपणाचं आणि टेकलेल्या क्षेत्रफळाचं असतं. 6-8 मिलिमीटरचे लग चिखलात रुततात म्हणून तिथे उपयोगी. दगडावर तेच लग टोकांवर उभे राहतात आणि वाकतात. शेवाळावर कुठलंच रबर टिकत नाही, तिथे पाऊल छोटं टाकणं एवढंच हातात. मऊ रबराची किंमत डांबरी रस्त्यावर मोजावी लागते: चवड्याखालच्या लगांच्या कडा आधी गोल होतात, मग टाचेची बाहेरची कड. ट्रेलपर्यंत पळत जायची सवय असेल तर तेवढ्यासाठी जुना रोड शू वापरा.

तर लेस. गोल, गुळगुळीत विणीची पॉलिएस्टर लेस, आणि ती ओवायला, अगदी वरची छिद्रं सोडली तर, कापडी लूप. दिसायला छान. घालताना एका ओढीत सगळी आवळते, म्हणून दुकानात ग्राहक खूश. पण जी लेस एका ओढीत सरकते ती उलटीही तितक्याच सहज सरकते. छिद्रात लेसला कडेचं घर्षण मिळतं, ताण जिथल्या तिथे राहतो. लूपमधून तो मोकळा फिरतो: घोट्याजवळ आवळलेलं पुढे चवड्याकडे निघून जातं आणि मधला भाग, जिथे पाय धरायला हवा, तिथे ढिला पडतो. लेस ओली झाली की आणखीच.

लेसवर एवढं का लिहायचं? उतारामुळे. आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताभोवतीची यूटीएमबी ही अल्ट्रा शर्यत सुमारे 170 किलोमीटरची, चढ जवळजवळ 10,000 मीटर. सुरू होते शामोनीत, संपतेही तिथेच, म्हणजे तेवढाच उतार. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकू बघतो आणि त्याला अडवणारी गोष्ट एकच: पायाच्या वरच्या कमानीवर आडवी बसलेली लेस. ती चार-पाच मिलिमीटर ढिली झाली की अंगठ्याचं नख पुढच्या भिंतीवर आपटू लागतं. एकदा आपटून काही होत नाही. हजारो वेळा आपटलं की नखाखाली रक्त साकळतं, नख काळं पडतं, पुढच्या उतारावर पाय आपोआप टाचेवर येतो, आणि मांड्या अर्ध्या शर्यतीत संपतात. लोक 'साइज लहान पडला' म्हणून मोठा बूट घेतात. त्यात पाय आणखीच सरकतो.

गाठीचं वेगळं दुखणं. 2017 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ट्रेडमिलवर पळणाऱ्याची लेस हाय-स्पीड कॅमेऱ्यात टिपली. पाऊल आपटताना गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट झटका बसतो, त्याने गाठ सैलावते, आणि झुलणारी मोकळी टोकं तिला बाहेर खेचतात. एकदा सरकायला लागली की काही पावलांत खेळ आटोपतो. गाठ बरोबर बसली आहे का हे कळायला गाठीचे दोन्ही फास बघा: बुटाला आडवे पडले तर ठीक, बोटांकडून घोट्याकडे उभे वळले तर दुसरी अढी उलट्या दिशेने घ्या. चुकीची गाठ लवकर सुटते. बरोबर गाठही कायमची टिकत नाही, म्हणून दुहेरी मारा आणि टोकं खालच्या फुलीत खोचा.

उपाय फार स्वस्तातला आहे आणि चीड त्याचीच येते. चपटी, खरबरीत विणीची, 6 ते 8 मिलिमीटर रुंद लेस घ्या. जुनी काढून मोजा आणि त्यात 15 सेंटीमीटर वाढवा, कारण वरच्या जादा छिद्रातून टाचेचा फास घेतला की तेवढी लांबी खाल्ली जाते. जागोजागी फुगीर असलेली लेस आणखी घट्ट धरते, पण लूपमधून ओवताना जीव खाते. ट्रायथलॉनवाल्यांची इलॅस्टिक लेस इथे नको: उतारावर ती ताणतेच, तिचं कामच ते.

बांधताना आधी टाच जमिनीवर दोनदा मागे ठोकून बसवा. बोटांकडून लूपच्या पहिल्या दोन जोड्या सैल, पुढे पाय सुजणार आहे. चौथ्या जोडीपाशी फुली घालताना एकाऐवजी दोन पीळ, म्हणजे वरचा ताण खाली पळत नाही. शेवटच्या दोन छिद्रांमधून प्रत्येक बाजूला छोटा फास, समोरचं टोक त्यात ओवून मागे आणि खाली ओढा, मग गाठ. मोठ्या उतारापूर्वी थांबून पुन्हा बांधा, एका मिनिटाचंही काम नाही. लांब चढ आला की वरची जोडी सैल करा, कारण घोटा वाकताना लेस पायाच्या वरच्या शिरांवर घासते. या बुटाची जीभ पातळ आहे, त्यामुळे हे लवकर जाणवतं. दुखायला लागलं तर त्या जागेवरची फुली सोडून लेस सरळ वर न्या.

नवी लेस घातल्यावर बाकी बुटाबद्दलचं मतही बदललं. फोम सुरुवातीला कडक वाटतो आणि छोट्या पळण्यात तर कंटाळवाणा. पण जाड, मऊ फोम तिरक्या वाटेवर एका बाजूला दबतो आणि घोटा सोबत नेतो. हा तसा कलत नाही. आतल्या रॉक प्लेटमुळे (सोलमधला पातळ, कडक थर) टोकदार खडी तळव्याला टोचत नाही, हे पहिल्या तासात कळत नाही, दहाव्या तासाला कळतं. म्हणून दुकानातल्या पाच मिनिटांच्या 'मऊ वाटतो' या निकालावर बूट घेऊ नका. फोम संपल्याची खूण म्हणजे बाजूला आडव्या सुरकुत्या, ज्या बूट एक-दोन दिवस ठेवूनही जात नाहीत. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरच्या दरम्यान हे होतं, वजनदार पळणाऱ्याचं आधी.

जाळी मोठ्या विणीची आहे. ओढ्यातून बाहेर पडल्यावर पाणी चटकन निघून जातं, पण घसाऱ्यावर बारीक वाळू आत येते आणि ओल्या मोज्यात तिचा सँडपेपर होतो. गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण) लावा. वॉटरप्रूफ आवृत्ती लांब शर्यतीसाठी घेऊ नका: घोट्यावरून पाणी आत शिरलंच तर बाहेर जायला वाट नसते.

साइज बघताना इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. करंगळी किंवा अंगठा कडेबाहेर गेला तर चवड्याला जागा नाही, आणि लांबी वाढवून रुंदी मिळत नाही. संध्याकाळी, शर्यतीचेच मोजे घालून, उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर खाली उतरून बघा. उतरतानाही अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली पाहिजे. बहुतेकांना रोड शूपेक्षा अर्धा साइज वर लागतो. हा बूट करंगळीपाशी निमुळता आहे, त्यामुळे रुंद पायाच्या माणसाने याच्या वाटेला जाऊच नये. अरुंद ते मध्यम पाय, कातळ आणि खडीची वाट, आणि लेस बदलायची तयारी असेल तर घ्या.