पॉट ऑड्स की आयसीएम? पोकर टूर्नामेंटमध्ये कॉल करताना कोणतं गणित धरायचं

हातात बदामाची दोन पानं, फ्लॉपवर (टेबलावर उघडलेली पहिली तीन सामायिक पानं) आणखी दोन. फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, एक बदाम कमी. 52 पैकी पाच पानं दिसली, उरलेल्या 47 मध्ये बदाम नऊ. टर्नलाच (चौथं पान) बदाम पडण्याची शक्यता 19 टक्के, टर्न आणि रिव्हर (पाचवं पान) मिळून 35. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 600 चिप्स होत्या, समोरच्याने 300 लावल्या. कॉल करायचा, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून खेळात राहायचं, तर 900 साठी 300 घालायच्या. चारातून एकदा जिंकलात तरी बरोबरी सुटते. 25 टक्के पुरतात. हे पॉट ऑड्स.

मग 35 बघून कॉल करायचा? समोरचा ऑल-इन असेल, म्हणजे त्याने सगळ्या चिप्स लावल्या असतील, तर खुशाल. नसेल तर टर्नला तो पुन्हा पैसे मागणार, आणि आत्ताच्या 300 मध्ये तुम्ही एकच पान विकत घेताय. तेव्हा आकडा 19 चा. मीही बरेच दिवस सरसकट 35 धरून चिप्स उधळल्या. झटपट हिशेबासाठी एका पानाला आउट्स (तुम्हाला हवी ती उरलेली पानं, इथे नऊ) गुणिले दोन, दोन पानांना गुणिले चार. फक्त आउट्स जास्त असले की चारचा गुणाकार फुगतो: 15 आउट्सना तो 60 सांगतो, खरा आकडा 54.

पॉट ऑड्सची खोड एकच, प्रत्येक चिपची किंमत सारखी धरायची. कॅश गेममध्ये, जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे, ते खरं आहे. टूर्नामेंटमध्ये चिप्स मोडून उठता येत नाही, बक्षीस मिळतं ते क्रमांकाला.

आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल, प्रत्येकाच्या चिप्सवरून कोण कितवा येईल याची शक्यता काढतं आणि तिला बक्षिसाने गुणतं. त्यामागचं हार्व्हिल यांचं 1973 चं सूत्र मुळात घोड्यांच्या शर्यतीसाठी होतं!

समजा चौघे उरलेत, चिप्स समसमान, बक्षिसं 50, 30 आणि 20 टक्के. प्रत्येकाचा वाटा 25. एकाने ऑल-इन केलं, बाकीचे हटले, निर्णय तुमचा. ब्लाइंड (पानं बघण्याआधीच भरावी लागणारी सक्तीची बाजी) सोडून देऊ. कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट, पण वाटा 50 नाही, 38.3. हरलात तर शून्य. म्हणजे जिंकण्याची शक्यता 25 भागिले 38.3, सुमारे 65 टक्के हवी. नुसत्या चिप्स मोजल्या तर 50 पुरले असते. तुमच्याकडे राण्यांची जोडी आणि समोर वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा, अगदी उघडे दिसत असले तरी तुम्ही साधारण 57 टक्के पुढे. पॉट ऑड्स कॉल म्हणतात, आयसीएम फोल्ड, म्हणजे पानं टाका. पहिल्या तिघांना सारखंच बक्षीस असेल तर 75 टक्के लागतात. मग राण्यांकडे बघूसुद्धा नका.

पण आयसीएम डोक्यात होत नाही, घरी कॅल्क्युलेटरवर घोटावं लागतं. शिवाय त्याला तुमचं कौशल्य कळत नाही, पुढच्याच हाताला मोठा ब्लाइंड तुमच्यावर येतोय हेही कळत नाही.

नवखे असाल तर आधी पॉट ऑड्स पक्के करा; सुरुवातीच्या फेऱ्यांत दोन्ही उत्तरांत फारसा फरक पडत नाही. बबलपर्यंत, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यापर्यंत, वारंवार पोचून तिथेच बाद होत असाल तर आयसीएमला बसा. सगळं बक्षीस पहिल्यालाच असेल, किंवा दोघेच उरले असतील, तर दोन्हींचं उत्तर एकच येतं. तिथे त्याच राण्यांनी बिनधास्त कॉल करायचा.